निळीचा दांडा, पांढरीचं नाक

शिडं शिवणारा माणूस दारात येऊन उभा राहिला तेव्हा घड्याळजी मनगटावरच्या घड्याळाला चावी देत होते.

खरं तर त्या घड्याळाला चावी द्यायची गरजच नव्हती. ते सेलवर चालणारं होतं, मुलीने वाढदिवसाला दिलेलं. पण चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करण्यात गेली होती. दुकान बंद करून तीन वर्षं झाली तरी सकाळचा चहा संपला की त्यांची दोन बोटं आपोआप मनगटाकडे जात आणि त्या बिचाऱ्या बटणाला पिळत बसत. त्यांच्या बायकोने यावर हसणं केव्हाच सोडलं होतं.

ही बायको म्हणजेच बाई. दारावर ‘खासगी तपास’ अशी पाटी होती ती त्यांची. घड्याळजी त्यांचे मदतनीस. म्हणजे पिशवी धरायची आणि चुकीच्या माणसावर संशय घ्यायचा. दुसऱ्या कामात तर त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

“अहो, दारात कुणी आहे,” बाई म्हणाल्या. “या, आत या.”

तो माणूस आत आला, पण बसला नाही. मेणाच्या दोऱ्याने त्याच्या बोटांवर कायमचे वळ उठले होते.

“माझी मुलगी चोर नाही,” तो म्हणाला आणि लगेच खाली बघायला लागला.

“बसा आधी. ती चोर आहे असं कोण म्हणतं?”

“तोंडावर कुणीच नाही. मी आलो की बोलणं थांबतं, एवढंच.”

हळूहळू सगळं बाहेर आलं. खाडीवरच्या होड्यांच्या क्लबात रविवारी मोसमातली शेवटची शर्यत झाली होती. जो जिंकेल तो क्लबातर्फे परदेशातल्या मोठ्या शर्यतीला जाणार होता. याची मुलगी निळी होडी चालवते. लहानखुरी म्हणून तिला सगळे चिमणी म्हणतात. ती एका सेकंदाने जिंकली. दुसरी आली दातांच्या डॉक्टरांची पांढरी होडी. डॉक्टरांनी लेखी तक्रार केली की पुढे मी होतो.

“मग त्यात चोरी कुठे आली?” घड्याळजींनी विचारलं.

“होड्या पोचतात तेव्हा पंच भोंगा वाजवतात आणि बारक्या रेकॉर्डरमध्ये बोलतात. वाद झाला तर ऐकायला. तो रेकॉर्डर ऑफिसातल्या कपाटात होता. तीन वाजता तक्रार ऐकायला म्हणून कपाट उघडलं, तर नाही. आणि दीड वाजता चिमणीला ऑफिसातून एकटीला बाहेर येताना पाहिलं आहे.”

“कुणी?”

“डॉक्टरांनीच.”

बुधवारी, म्हणजे उद्या सकाळी दहाला सुनावणी होती. चोरी चिमणीवर आली तर दोन वर्षं बंदी. “बंदीचं काही नाही हो,” तो म्हणाला. “पण तिला पुढे कुणी स्वतःच्या होडीत पाय ठेवू देणार नाही. काल मास्तरांकडे गेलो होतो. पंच तेच. आठ वर्षांची असताना तिला होडीत त्यांनीच बसवलं. चिमणी हे नावही त्यांनीच ठेवलं. म्हटलं, मास्तर, तुम्ही एक शब्द टाका, तुमचं सगळे ऐकतात. त्यांनी आत बोलावलं, प्यायला पाणी दिलं. म्हणाले, बघू.”

तो उठला. दाराशी जाऊन पुन्हा वळला.

“बाई, एक सांगू का? रविवारी रात्री मी तिची बॅग तपासली. ती झोपली होती. माझ्या पोरीची बॅग मी तपासली.”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. अशा वेळी न बघणं बरं असतं. त्यांनी घड्याळजींना पिशवी घ्यायला सांगितलं.

क्लबाच्या ऑफिसात एक कारकून होती. तिला सगळे वहिनी म्हणत, कुणाची ते कुणालाच आठवत नव्हतं. शर्यतीत पंचांच्या शेजारी बसून वेळा लिहिणारीही तीच. तिने कपाट उघडून दाखवलं. आत घड्या घातलेली निशाणं, दोन स्टॉपवॉच, भोंगा आणि पत्र्याची एक डबी. डबीत रबर गुंडाळलेले दोन सेल होते.

“कुलूप तुटलेलं दिसत नाही,” बाई म्हणाल्या.

“कशाला तुटेल? चावी बिस्किटांच्या डब्यात असते. सगळ्यांना माहीत आहे.”

“मग कुलूप कशासाठी?” घड्याळजी म्हणाले.

“दार आपोआप उघडतं म्हणून.”

घड्याळजींना हे पूर्ण पटलं. बाईंनी डबीकडे बोट दाखवलं. “आणि हे?”

“रेकॉर्डरचे सेल. मास्तरांची शिस्त. काम झालं की सेल काढायचे, रबर लावायचं, डबीत ठेवायचे. खाऱ्या हवेत गळतात ना. मागे एकदा माझ्याकडून राहिलं तर केवढं ऐकवलं त्यांनी!”

“रविवारी शेवटी काय झालं, आठवतं?”

“मी मान खाली घालून घड्याळाचे आकडे लिहीत होते. वारा एवढा की मास्तर शेजारी बसून काय बोलतात ते धड कळेना. ‘निळी’ ऐकू आलं, ‘पांढरी’ ऐकू आलं. दोन भोंगे, एका सेकंदाच्या अंतराने. कोण पुढे ते मला विचारू नका. रेषेच्या अगदी सरळ बसलेल्या माणसालाच ते दिसतं आणि तिथे मास्तर बसतात. एकतीस वर्षं तेच बसतात.”

टेबलावर नियमांचं नवं पुस्तक पडलं होतं. बाईंनी ते उचललं तर ते एका पानावर आपोआप उघडलं. पानावर वाळलेल्या पाण्याचा पांढुरका डाग होता, अंगठ्याएवढा. वर लिहिलं होतं: ‘होडी शर्यत पूर्ण केव्हा करते’.

“बघा ना!” वहिनी म्हणाली. “नवंकोरं पुस्तक. रविवारी जेवून आले तर असंच उघडं, पालथं पडलेलं. ओल्या हातांनी कुणीतरी चाळलंय.”

निघताना वहिनी दारापर्यंत आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, “बाई, तुम्ही मास्तरांना भेटणार ना? एक सांगू नका हं. रविवारी सव्वा वाजता रेकॉर्डर मी तसाच कपाटात टाकला होता. भूक लागली होती, आवराआवर काही केली नाही. उगाच मला परत बोलणी बसायची.”

डॉक्टरांच्या दवाखान्यात दोघांना खुर्चीत बसण्याआधीच तोंड उघडायला सांगण्यात आलं. ओळख पटल्यावर डॉक्टर ओशाळले, पण लगेच सावरले.

“मी पुढे होतो, बाई. इतका!” त्यांनी दोन बोटांत वीतभर हवा पकडून दाखवली. “माझ्या होडीचं नाक तिच्या नाकाच्या पुढे होतं. तिला आधी भोंगा कसा मिळाला हे मला कळत नाही. मास्तरांची नजर चुकली असेल. वय झालं त्यांचं.”

“तक्रार केव्हा दिलीत?”

“दोन वाजता. मास्तरांच्या हातात. बिचारे जेवण अर्धं टाकून ऑफिसात गेले ती नोंदवायला. माणूस असा हवा.”

“आणि चिमणी चोर आहे असं तुमचं म्हणणं?”

“मी तसं अजिबात म्हटलेलं नाही. मी फक्त सांगितलं की तिला तिथून बाहेर येताना पाहिलं.”

“कुणाला सांगितलंत?”

डॉक्टरांनी एक चिमटा उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. “भेटले त्यांना,” ते म्हणाले.

बाहेर पडताच घड्याळजी कुजबुजले, “हाच. रेकॉर्डरवर भोंगा निळीला आधी वाजल्याचं निघालं असतं, म्हणजे हा तोंडावर आपटला असता. आणि मुलीवर ढकलून मोकळा.”

“तक्रार आपणच करायची आणि पुरावाही आपणच चोरायचा? मग तक्रारच केली नसती. एवढा उपद्व्याप दातांचा डॉक्टर करेल का?”

“करेल,” घड्याळजी म्हणाले. एका दाढेच्या जुन्या आठवणीवर त्यांचं हे मत आधारलेलं होतं.

चिमणी वडिलांच्या दुकानात जमिनीवर बसली होती. भोवती निळं शीड पसरलेलं, मधोमध ती. वय चोवीस, पण शिडात हरवलेली दिसत होती.

“दीड वाजता ऑफिसात कशाला गेली होतीस?” बाईंनी विचारलं.

“पाणी प्यायला.”

“पाणी तर व्हरांड्यात ठेवतात.”

तिचे कान लाल झाले. “रेकॉर्डर मी घेतला नाही. शप्पथ.”

“ते मला पटतंय. पाणी पटत नाही.”

ती सुई शिडात खुपसत राहिली. पलीकडे मशीनवर वडील होते. त्यांनी मशीन थांबवलं नाही, पण कापड सरकत नव्हतं. हे शीड शिवायला त्यांनी महिनाभर खपून रात्रीचा दिवस केला होता, असं बाईंना कुणीतरी सांगितलं होतं.

“नंतर सांगेन,” चिमणी म्हणाली. “बाबांसमोर नको.”

मास्तर क्लबातल्या मोठ्या खोलीत भेटले. तिथे बाकं आणि फळा होता. दर चार वर्षांनी नियमांचं पुस्तक बदललं की मास्तर इथे वर्ग घेत. जुना नियम निळ्या खडूने, नवा लाल खडूने. यंदाच्या जानेवारीतल्या वर्गाची चित्रं अजून फळ्यावर होती. पुसायला कुणाचा हात धजला नव्हता, इतकी ती सुरेख होती.

“समजावून सांगा ना,” बाई म्हणाल्या. “आम्हाला होडीतलं ओ की ठो कळत नाही.”

मास्तरांचा चेहरा उजळला. शिकवणाऱ्या माणसाला एवढं पुरतं.

“हे बघा. मोठं फुगणारं शीड लावायचं तर होडीच्या नाकापुढे दांडा बाहेर काढावा लागतो. हातभर, दोन हात. निळीला असा दांडा आहे. डॉक्टरांची होडी जुन्या धाटणीची, तिला नाही. आता पूर्वीचा नियम. होडीचं अंग, तिच्यावरची माणसं, सामान, यातलं काहीही आपल्या नेहमीच्या जागी असताना रेषेला लागलं की होडी पोचली. म्हणजे दांड्याचं टोक लागलं तरी चालत होतं. आता तसं नाही. आता फक्त होडीचं अंग मोजायचं. समोरून येणाऱ्या होडीचं म्हणजे नाक. दांडा कितीही पुढे जाऊ दे, तो मोजायचाच नाही.”

“लोक चिडले असतील.”

“नियम बदलला की लोकांना राग येतो. मला मजा येते. पुन्हा विद्यार्थी व्हायला मिळतं. साठ जणांना शिकवलं मी हे.”

खिडकीतून खाडी दिसत होती. सरावाच्या तीन होड्या फुगलेली शिडं घेऊन रेषेकडे येत होत्या. पंचांच्या होडीवर आज क्लबाचा नावाडी भोंगा घेऊन बसला होता. मास्तर बोलता बोलता खिडकीशी गेले. खिडकीच्या फळीवर त्यांचा उजवा अंगठा टेकलेला होता. पहिली होडी आली, अंगठा दाबला गेला, मग भोंगा वाजला. दुसरी आली. अंगठा, मग भोंगा. तिसरी. अंगठा, मग भोंगा.

घड्याळजींचं अशा गोष्टींकडे बरोबर लक्ष जातं. “मास्तर, तुमचं घड्याळ नावाड्याच्या अर्धा सेकंद पुढे आहे,” ते कौतुकाने म्हणाले. “या वयात काय नजर आहे!”

मास्तर हसले आणि हात खिशात घातला.

“रविवारी निळीचं नाक आधी लागलं, असंच ना?” बाईंनी विचारलं.

“मी निळीला आधी भोंगा दिला,” मास्तर म्हणाले.

“आणि रेकॉर्डर चिमणीने घेतला असेल?”

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. “ती तशी मुलगी नाही.”

“मग उद्या सुनावणीत तसं सांगाल?”

“बघू,” मास्तर म्हणाले.

त्या दिवशी रात्री घड्याळजींनी जेवताना तीन आरोपी पकडले, त्यात नावाडीही होता. बाई हूं हूं करत राहिल्या.

बुधवारी सकाळी चहा झाला. घड्याळजींनी डावं मनगट पुढे केलं आणि दोन बोटांनी बटण पिळायला सुरुवात केली. बाईंनी कप खाली ठेवला.

“अहो, हे घड्याळ सेलवर चालतं हे तुम्हाला माहीत आहे ना?”

“म्हणजे काय! असल्या घड्याळांचे सेल हजार वेळा बदललेत मी.”

“मग चावी का देताय?”

घड्याळजींनी आपल्या बोटांकडे पाहिलं आणि ती चटकन मागे घेतली. “देत नाहीये. बोटं जातात,” ते म्हणाले.

बाई उठल्या. त्यांचा चेहरा काही जिंकलेल्या माणसासारखा दिसत नव्हता. “दोन काड्यापेट्या घ्या पिशवीत,” त्या म्हणाल्या. “आणि चला. नऊला सगळ्यांना बोलावून घेऊ, दहाच्या आत.”

फळ्यासमोरच्या बाकांवर सगळे बसले. क्लबाचे अध्यक्ष, डॉक्टर, वहिनी, चिमणी आणि तिचे वडील. मास्तर सवयीने फळ्यापाशी उभे राहणार होते, पण बाई तिथे होत्या म्हणून पहिल्या बाकावर बसले. तो बाक त्यांना लहान होत होता.

“आधी चिमणीचं,” बाई म्हणाल्या. “दीड वाजता ती ऑफिसात गेली ती रेकॉर्डरसाठी नाही. नियमांचं नवं पुस्तक बघायला. होडीवरून आलेले खारे, ओले हात. त्यांचा डाग नेमका ‘शर्यत पूर्ण केव्हा होते’ त्या पानावर आहे. ती वाचून निघाली तेव्हा डॉक्टरांनी तिला पाहिलं. बरोबर?”

चिमणीने वडिलांकडे न बघता मान हलवली. “जानेवारीत वर्गाला मी मागच्या बाकावर बसून दोऱ्या वळत होते. लक्ष नव्हतं. पोचल्यावर निळीवरचा सोबती म्हणाला, अगं, यंदा दांडा धरत नाहीत बहुतेक. म्हणून बघायला गेले.”

“आणि काय कळलं?”

“की मी जिंकले नाही.” तिचा आवाज अगदी बारीक झाला. “डॉक्टरकाकांचं नाक माझ्या पुढे होतं. मी सुकाणूवरून बघत होते ना. माझा फक्त दांडा पुढे होता. मला रविवारपासून माहीत आहे आणि मी गप्प बसले. बाबांनी एवढं शीड...”

डॉक्टर ताठ झाले. मग त्यांना आपण लोकांना काय काय सांगत फिरलो ते आठवलं असावं, कारण ते पुन्हा वाकून बसले.

“म्हणजे रेकॉर्डर लपवायला हिलाच कारण होतं!” अध्यक्ष म्हणाले.

“कारण होतं. पण काम तिचं नाही. वहिनी, मला माफ करा, पण सांगावं लागतंय. रविवारी वहिनींनी घाईत आवराआवर न करता रेकॉर्डर तसाच कपाटात टाकला. म्हणजे सेलसकट. आणि काल मी कपाट पाहिलं तेव्हा सेल डबीत होते, रबर लावलेले. ते तुम्ही काढलेत का?”

वहिनी लालबुंद झाली. “नाही. मी हातच लावला नाही. नेहमी तिथेच असतात म्हणून माझ्या लक्षातच आलं नाही.”

“कुणाच्याच नाही. आता विचार करा. चोर आला तर तो रेकॉर्डर उचलून खिशात टाकेल आणि पळेल. हा चोर उभा राहिला, सेल काढले, त्यांना रबर गुंडाळलं, डबीत ठेवले, डबी बंद केली. खाऱ्या हवेत गळू नयेत म्हणून! चोरताना कुणी इतकी काळजी घेईल का? घेईल, पण ठरवून नाही. त्याने आधी रेकॉर्डर लावून ऐकला. ऐकून मन थाऱ्यावर राहिलं नाही, आणि हातांनी वर्षानुवर्षं जे केलं तेच केलं. आमच्या घरी एक गृहस्थ आहेत, ते सेलच्या घड्याळाला रोज चावी देतात.”

घड्याळजींनी डावा हात पिशवीखाली सरकवला.

खोलीत कुणी पहिल्या बाकाकडे बघत नव्हतं. सगळे फळ्याकडे बघत होते.

“पण मास्तर कशाला...” अध्यक्ष म्हणाले. “ते तर ऑफिसात दिवसातून दहा वेळा जातात.”

“म्हणूनच त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नाही. दोन वाजता डॉक्टरांनी तक्रार त्यांच्या हातात दिली आणि ते ती नोंदवायला एकटेच ऑफिसात गेले. कशासाठी, ते सांगण्यापेक्षा दाखवते.”

बाईंनी मास्तरांच्या पुढ्यात लाकडी पट्टी आडवी ठेवली आणि दोन काड्यापेट्या काढल्या. एकीच्या पुढच्या टोकाला काडी खोचलेली होती. काडीवाली पेटी त्यांनी दुसरीपेक्षा बोटभर मागे ठेवली. काडी मात्र दोघींच्या पुढे येत होती.

“मास्तर, ही निळी, ही पांढरी. पट्टी म्हणजे रेषा. पहिली होडी पोचली की बाकावर अंगठा दाबा. भोंगा समजून. जमेल तितक्या चटकन.”

“बाई, याची काही गरज...”

“माझ्यासाठी.”

बाईंनी दोन्ही पेट्या एकदम पुढे ढकलल्या. काडीचं टोक पट्टीला लागलं आणि मास्तरांचा अंगठा बाकावर दाबला गेला. पांढरीचं नाक अजून यायचं होतं.

“पुन्हा,” बाई हळू आवाजात म्हणाल्या.

दुसऱ्या खेपेला मास्तर डोळे बारीक करून, श्वास धरून बसले. ओठ हलत होते, नाक, नाक, नाक. काडी पट्टीला टेकली. अंगठा दाबला गेला. मास्तर त्या अंगठ्याकडे, तो दुसऱ्याच कुणाचा असावा तसे बघत राहिले.

“काल मी त्यांना विचारलं, निळीचं नाक आधी लागलं का,” बाई म्हणाल्या. “ते म्हणाले, मी निळीला आधी भोंगा दिला. खोटं बोलायचं नाही म्हणून त्यांनी प्रश्नच बदलला. आणि काल खिडकीपाशी त्यांचा अंगठा तीनही वेळा भोंग्याच्या आधी दाबला गेला. आमच्या घरच्यांना वाटलं, नजर तेज आहे. नजर नावाड्याचीही ठीकच होती. तो नाक बघत होता. मास्तरांचा हात दांडा बघत होता.”

मास्तरांनी कोटाच्या आतल्या खिशातून रेकॉर्डर काढला आणि बाकावर ठेवला. वहिनीने न सांगता डबी आणून दिली. मास्तरांनीच रबर सोडवून सेल बसवले. त्यांच्याइतकं चटकन ते कुणालाच जमलं नसतं.

आधी नुसता वारा ऐकू आला. मग मास्तरांचा आवाज, ठाम, एकतीस वर्षांत कधी न चुकलेल्या माणसाचा: “दांडा येतोय... दांडा लागला. निळी!” भोंगा. “नाक. पांढरी!” भोंगा.

सगळ्यांच्या समोर फळ्यावर लाल खडूत, सुरेख अक्षरात लिहिलेलं होतं, ‘दांडा मोजायचा नाही’.

“बंदरावरून दोनदा टाकायला गेलो होतो,” मास्तर म्हणाले. “टाकवला नाही. पुरावा आहे तो. पुरावा फेकायचा नसतो, मीच शिकवतो.” ते उठले, पण पाय कुठे न्यावेत ते कळेना म्हणून तिथेच उभे राहिले. “साठ जणांना शिकवलं आणि माझाच हात शिकला नाही. लाज वाटली. एवढी लाज मला जन्मात कधी वाटली नव्हती. वाटलं, रेकॉर्डर नाही मिळाला तर तक्रार निकालात निघेल, शर्यत आहे तशी राहील, कुणाचं काही जाणार नाही. मग हिचं नाव आलं.”

ते चिमणीकडे वळले. “दांड्याला हात चुकला, असं म्हणता येईल. पण तुला दोन दिवस चोर म्हणत होते आणि मी गप्प बसलो, ते काही हाताने केलं नाही.”

चिमणी रडत होती. “मीपण गप्प बसले, मास्तर,” ती म्हणाली. पण तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही, आणि ठीक आहे असंही म्हणाली नाही.

डॉक्टर खाकरले. शर्यत त्यांची झाली होती, परदेशी तेच जाणार होते. त्यांना बहुधा काहीतरी मोठ्या मनाचं बोलायचं होतं, पण सुचलं ते एवढंच: “मीही जरा जास्तच बोललो, चिमणी.” आणि ते टक्कल पुसायला लागले.

इतका वेळ शेवटच्या बाकावर बसलेला शिडं शिवणारा माणूस उठला. तो मास्तरांच्या समोर येऊन थांबला. तो चिडेल असं सगळ्यांना वाटलं. चिडला असता तर बरं झालं असतं.

“परवा तुमच्या दारात उभा होतो, मास्तर,” तो म्हणाला. “तेव्हा हे तुमच्या खिशात होतं?”

मास्तरांनी मान हलवली.

“तुम्ही मला पाणी दिलंत,” तो म्हणाला.

दहाचे ठोके पडले आणि अध्यक्षांनी, कुणाकडेही न बघता, सुनावणीचा कागद मास्तरांपुढे सरकवला. मास्तरांनी जबाब स्वतःच्या अक्षरात लिहिला. त्यात कुठेही काटछाट नव्हती.

दुपारी बाई आणि घड्याळजी क्लबातून निघाले तेव्हा सराव चालू होता. घड्याळजी फुगून बसले होते.

“चारचौघांत माझ्या घड्याळाचं काढायची काय गरज होती?”

“नव्हती,” बाई म्हणाल्या. “चुकलं माझं.”

घड्याळजींना याची सवय नसल्यामुळे त्यांनी उगाच पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

पंचांच्या होडीवर, रेषेच्या सरळ, आज चिमणी बसली होती. मास्तरांनी भोंगा तिच्या हातात दिला होता आणि तिने तो मुकाट्याने घेतला होता. मास्तर धक्क्यावर एकटेच उभे होते. जवळ कुणी जात नव्हतं. तुसडेपणाने नव्हे, काय बोलावं ते कळत नव्हतं म्हणून.

एक होडी फुगलेलं शीड घेऊन आली. दांड्याचं टोक रेषेपार गेलं. भोंगा वाजला नाही. चिमणी थांबली होती. मग होडीचं नाक आलं आणि भोंगा वाजला, अगदी बरोबर.

धक्क्यावर मास्तरांचा अंगठा आधीच दाबला गेला होता. त्यांनी तो दुसऱ्या हाताने झाकला.